न झालेल्या प्लेऑफ सामन्याच्या तिकिटाचे पैसे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लेऑफचा, म्हणजे नेहमीच्या सामन्यांनंतरच्या बाद फेऱ्यांचा, हंगाम लागला की अमेरिका-कॅनडातले संघ अशा सामन्यांचीही तिकिटं विक्रीला काढतात, जे होणार की नाही हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पैसे मात्र बहुतेक वेळा त्याच दिवशी कार्डावरून जातात. मग मालिका लवकर आटोपते आणि हातात उरतं न झालेल्या सामन्याचं तिकीट. पुढची उत्तरं एनबीए (बास्केटबॉल), एनएचएल (आइस हॉकी), एमएलबी (बेसबॉल) आणि एनएफएल (अमेरिकन फुटबॉल) या चार लीगपुरती आहेत.

घाईत असाल तर एवढंच वाचा: तिकिटाची मूळ किंमत जवळपास नेहमीच परत मिळते. गाडं अडतं ते इतर ठिकाणी. पैसे कुणाच्या नावावर परत जातात, रोख येतात की पुढच्या वर्षीच्या खात्यात वळते होतात, आणि विमान-हॉटेलचं काय, हे तीन प्रश्न खरे डोकेदुखीचे.

वेळापत्रकात असलेला सामना होतच नाही, असं कसं?

क्रिकेट बघणाऱ्याला हे जरा विचित्र वाटतं. पाच कसोटींची मालिका तीन-शून्य झाली तरी उरलेल्या दोन कसोटी खेळल्याच जातात. अमेरिकी प्लेऑफमध्ये तसं नाही. सातपैकी चार सामने आधी जिंकणारा संघ पुढे जातो आणि चौथा विजय मिळाला त्याच रात्री मालिका संपते. म्हणून वेळापत्रकात पाचव्या, सहाव्या आणि सातव्या सामन्यापुढे फुली असते आणि खाली लिहिलेलं असतं: गरज पडल्यास. गरज पडली नाही तर तो सामना आपोआप रद्द. त्यासाठी वेगळी घोषणा होईलच असं नाही.

कुठल्या लीगमध्ये किती सामने ‘गरज पडल्यास’ असतात?

एनबीए आणि एनएचएलमध्ये प्रत्येक फेरी सातपैकी चारची. वरच्या मानांकनाच्या संघाकडे पहिला, दुसरा, पाचवा आणि सातवा सामना. खालच्या संघाकडे तिसरा, चौथा आणि सहावा.

बेसबॉलचं गणित फेरीगणिक बदलतं. २०२२ पासून वाइल्ड कार्ड फेरी तीनपैकी दोनची आहे आणि तिन्ही सामने वरच्या संघाच्याच मैदानावर होतात. डिव्हिजन सिरीज पाचपैकी तीनची. त्यानंतरची लीग चॅम्पियनशिप आणि अंतिम फेरी म्हणजे वर्ल्ड सिरीज या सातपैकी चारच्या, पण तिथे यजमानपद दोन-तीन-दोन असं फिरतं. त्यामुळे तिसरा, चौथा, पाचवा हे ओळीनं तीन सामने खालच्या संघाकडे आणि सहावा-सातवा पुन्हा वरच्याकडे.

एनएफएलमध्ये मालिकाच नसते, एका सामन्यात निकाल. तिथे प्रश्न वेगळा: आपला संघ त्या फेरीपर्यंत पोहोचतो का, आणि पोहोचला तर सामना घरी होतो का?

तिकिटावर तारीख नाही, नुसतं ‘पहिली फेरी, होम गेम ३’ लिहिलंय. हे काय आहे?

सगळी मेख इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

संघ तिकिटं विकायला काढतो तेव्हा प्रतिस्पर्धी कोण, मानांकन काय, तारीख कुठली, यातलं काहीच पक्कं नसतं. म्हणून तिकीट मालिकेतल्या क्रमांकावर न विकता घरच्या सामन्याच्या क्रमांकावर विकतात. ॲप उघडलंत तर तारखेच्या जागी ‘टीबीडी’ (नंतर ठरेल) दिसेल, वेळेच्या जागीही तेच, आणि वर ठळक अक्षरात होम गेमचा आकडा.

आता हा आकडा उलगडायला शिका. एनबीए-एनएचएलमध्ये तुमचा संघ वरच्या मानांकनाचा असेल तर होम गेम ३ म्हणजे मालिकेतला पाचवा सामना आणि होम गेम ४ म्हणजे सातवा. संघ खालच्या मानांकनाचा असेल तर होम गेम १ हा मालिकेतला तिसरा, होम गेम २ चौथा, होम गेम ३ सहावा. आणि होम गेम ४? तो अस्तित्वातच नसतो. खालच्या संघाला घरी फार तर तीनच सामने मिळतात. तरीही हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांत, मानांकन ठरण्याआधी, त्या चौथ्या सामन्याची तिकिटं विकली जातात. मानांकन ठरलं की त्या तिकिटाचे पैसे परत. पहिल्या सामन्याचा चेंडू पडण्याआधीच!

बेसबॉलच्या शेवटच्या दोन फेऱ्यांत खालच्या संघाचा होम गेम ३ म्हणजे पाचवा सामना, वरच्याचा होम गेम ३ म्हणजे सहावा.

मग कुठल्या सामन्याचं तिकीट घेणं शहाणपणाचं?

दोन्ही संघ तुल्यबळ धरले आणि प्रत्येक सामना म्हणजे नाणेफेक मानली, तर सातपैकी चारच्या मालिकेत पाचवा सामना होण्याची शक्यता ८७.५ टक्के, सहावा ६२.५ टक्के आणि सातवा जेमतेम ३१ टक्के. म्हणजे सातव्या सामन्याचं तिकीट मालिकेआधी घेणाऱ्या तिघांपैकी दोघांना पैसे परत घ्यावे लागणार, हे गृहीतच धरा. प्रत्यक्षात एक संघ वरचढ असतो, त्यामुळे शक्यता याहून थोडी कमीच.

मालिका सुरू झाल्यावर आकडे झपाट्यानं पालटतात. दोन-शून्य असेल तर सहावा सामना होण्याची शक्यता निम्म्यावर येते आणि सातव्याची २५ टक्क्यांवर. तीन-शून्य झालं की पाचवासुद्धा निम्मा-निम्मा आणि सातवा आठात एक. दोन-दोन अशी बरोबरी झाली तर मात्र पाचवा आणि सहावा दोन्ही पक्के, कारण पाचव्यानंतर कुणाचेही तीनच विजय होतात. बाहेरगावाहून जाणाऱ्यानं लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट हीच. दोन-दोनच्या रात्री सहाव्या सामन्याचं तिकीट काढा आणि विमान बिनधास्त बुक करा.

तीन-शून्यनंतर सगळं संपलं असंही नाही. बेसबॉलमध्ये २००४ साली बॉस्टन रेड सॉक्सनं न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध तीन-शून्यवरून चार सलग सामने जिंकले. हॉकीत हा पराक्रम चार वेळा झाला: १९४२, १९७५, २०१० आणि २०१४. बास्केटबॉलमध्ये कुणालाच जमलेलं नाही, पण २०२३ मध्ये बॉस्टन सेल्टिक्सनं मायामी हीटविरुद्ध तीन-शून्यवरून तीन-तीनपर्यंत मजल मारली. बॉस्टनच्या होम गेम ४ चं तिकीट जपून ठेवणाऱ्यांना सातवा सामना बघायला मिळाला. सेल्टिक्स हरले, ते सोडा.

सामना झाला नाही. आता मी काय करायचं?

संघाकडून किंवा त्याच्या अधिकृत तिकीट कंपनीकडून एकेरी तिकीट घेतलं असेल तर बहुधा काहीच नाही. ज्या कार्डावरून पैसे भरले त्याच कार्डावर ते परत येतात. ईमेल येतो, ॲपमधलं तिकीट गायब होतं किंवा त्यावर ‘रद्द’ असा शिक्का दिसतो. ईमेल ‘प्रमोशन्स’मध्ये जाऊन पडला नाही ना, तेवढं पाहा.

सीझन तिकीटधारकांना, म्हणजे पूर्ण हंगामाची तिकिटं एकदम घेणाऱ्यांना, हे लागू नाही. त्यांचा प्रश्न खाली आहे.

पैसे यायला किती वेळ लागतो?

मालिका संपली त्या रात्री काही होत नाही. संघ आधी कंपनीला कळवतो, कंपनी परतावा सोडते, मग तुमची बँक तो खात्यात दाखवते. काही दिवस ते काही आठवडे धरून चला. वसंतात एनबीए आणि एनएचएलमधल्या निम्म्या संघांच्या मालिका एका पाठोपाठ संपतात, तेव्हा उशीर होतो. पण पुढची फेरीही संपून गेली आणि पैशांचा पत्ता नाही, तर वाट बघत बसू नका.

वरचं शुल्कही परत मिळतं का?

शुल्क एक नसतं, अनेक असतात. प्रत्येक तिकिटामागे लावलेलं सेवा शुल्क बहुतेक वेळा तिकिटाबरोबर परत येतं. पूर्ण ऑर्डरवर एकदाच लावलेलं प्रक्रिया शुल्क आणि घरपोच पाठवणीचा खर्च मात्र अनेकदा कापून घेतला जातो. त्यातही तुम्ही एकाच ऑर्डरमध्ये चार सामने घेतले आणि तीन झाले, तर ऑर्डरवरचं शुल्क परत मागायला जागाच उरत नाही, कारण ऑर्डर अंशतः पूर्ण झालेली असते. पहिल्या दोन सामन्यांची एक ऑर्डर आणि ‘गरज पडल्यास’वाल्यांची दुसरी, असं केलं तर हिशेब स्वच्छ राहतो. दुसऱ्या ऑर्डरचं शुल्क जास्तीचं पडेल, हेही खरं.

१२ मे २०२५ पासून अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनचा नियम आहे की कार्यक्रमाच्या तिकिटाची जाहिरात करताना सक्तीच्या शुल्कांसह एकूण किंमत आधीच दाखवली पाहिजे. त्यामुळे किती गेले हे तरी आता कळतं. किती परत येणार हे त्या नियमात नाही. ते विक्रीच्या अटींमध्येच वाचायला लागतं.

तिकीट मित्रानं ॲपवरून मला पाठवलं होतं आणि मी त्याला रोख पैसे दिले. परतावा कुणाला?

मित्राला. यात काही वाद नाही. तिकीट किती हातांतून फिरलं याच्याशी परताव्याचा संबंध नसतो. ज्यानं मुळात कार्ड वापरलं त्याच्याकडेच पैसे जातात. मित्र चांगला असेल तर देईल, विसरला तर आठवण करून द्या. अनोळखी माणसाकडून सोशल मीडियावर तिकीट घेऊन त्यानं ते ‘ट्रान्सफर’ केलं असेल, तर त्याला तिकिटाचे पैसे दोनदा मिळाले आणि तुम्हाला एकदाही नाही. ‘गरज पडल्यास’ सामन्याचं तिकीट अशा मार्गानं घेऊच नये, हे माझं ठाम मत. झालेल्या सामन्यात निदान आत जाता येतं.

रिसेल साइटवर, म्हणजे दुसऱ्याचं तिकीट विकत मिळतं तिथे, दुप्पट किमतीत घेतलं होतं. दुप्पट परत मिळतील की छापील किंमत?

तुम्ही त्या साइटला जेवढे भरले तेवढे. स्टबहब, सीटगीक, टिकेटमास्टरचं रिसेल दालन, या मोठ्या साइटींवर न झालेला प्लेऑफ सामना ‘रद्द’ या सदरात धरला जातो. पैसे साइटकडूनच येतात. संघाकडे गेलात तर ते म्हणतील आम्ही तुम्हाला ओळखत नाही, आणि त्यांच्या बाजूनं ते बरोबरच आहे.

फक्त परतावा रोख की साइटचं क्रेडिट, हे खरेदीच्या दिवशीच्या अटींमध्ये बघा. मार्च २०२० मध्ये साथीमुळे सगळे खेळ थांबले तेव्हा स्टबहबनं अमेरिकेत रोख परताव्याऐवजी १२० टक्के मूल्याचं क्रेडिट देऊ केलं. ग्राहक कोर्टात गेले, अनेक राज्यांच्या ॲटर्नी जनरलांनी प्रकरण हाती घेतलं आणि २०२१ मध्ये तडजोड होऊन पैसे परत द्यायचं ठरलं. १२० टक्के ऐकायला छान वाटतं. पण वर्षभर एकही सामना प्रेक्षकांसमोर होणार नसेल तर त्या क्रेडिटचं करायचं काय?

मी माझं तिकीट रिसेलवर विकलं होतं. सामना झाला नाही. मला नफा ठेवता येईल?

नाही. खरेदीदाराला पैसे परत जातात आणि तुम्हाला मिळालेली रक्कम परत घेतली जाते. अजून मिळाली नसेल तर ती येतच नाही. तुमचं मूळ तिकीट संघाकडून घेतलेलं असल्यानं त्याची मूळ किंमत तुम्हाला संघाकडून मिळते. शेवटी सगळे जिथल्या तिथे. मधल्या काळात त्या पैशांचं दुसरं काही घेऊन टाकलं असेल तर साइट कार्डावरून वसूल करते. खात्यात शिल्लक ठेवा.

सीझन तिकीटधारक आहे. संघानं सगळ्या फेऱ्यांचे पैसे आधीच घेतले. उरलेले कधी देणार?

इथे दोन पद्धती आहेत, आणि निवड करायला मिळत असेल तर ती डोळे उघडे ठेवून करा.

एका पद्धतीत सामना ठरला की तेवढ्याच सामन्याचे पैसे कापले जातात. इंग्रजीत तिला ‘पे ॲज वी प्ले’ म्हणतात. न झालेल्या सामन्याचा प्रश्नच येत नाही. दुसऱ्या पद्धतीत फेरीचे, कधीकधी सगळ्या फेऱ्यांचे, पैसे आधी भरायचे. न झालेल्या सामन्यांची रक्कम तुमच्या खात्यात जमा राहते आणि पुढच्या हंगामाच्या नूतनीकरणात वळती होते. रोख हवी असेल तर मागावी लागते, आणि मागण्याची मुदत असते. मुदत उलटली की रक्कम बुडत नाही, पण पुढच्या वर्षीच्या तिकिटांत अडकते.

उदाहरण घ्या. दोन खुर्च्या, पहिल्या फेरीचे चार घरचे सामने, प्रत्येक खुर्चीचे १०० डॉलर. आधी भरले ८०० डॉलर. तुमचा संघ वरच्या मानांकनाचा आणि मालिका पाच सामन्यांत संपली, तर घरी पहिला, दुसरा आणि पाचवा असे तीन झाले. २०० डॉलर उरले. संघ खालच्या मानांकनाचा आणि चार सामन्यांत गारद झाला, तर घरी फक्त तिसरा आणि चौथा झाला. ४०० डॉलर उरले. आणि संघानं चारही फेऱ्यांचे पैसे घेतले असतील तर उरलेल्या तीन फेऱ्यांची सगळी रक्कम वर.

संघ हे क्रेडिट उदारपणे देतात असं वाटून घेऊ नका. हजारो लोकांचे पैसे महिनोन्‌महिने बिनव्याजी वापरायला मिळतात, आणि क्रेडिट पडून असलेला माणूस नूतनीकरण सहसा टाळत नाही. आगाऊ भरणाऱ्याला किमतीत सवलत किंवा जागेचं प्राधान्य मिळत असेल तर हिशेब करा. तसं काही नसेल तर सामन्यागणिक पैसे देण्याचाच पर्याय घ्या. पुढच्या वर्षी तिकीट घ्यायचंच आहे असं नक्की ठरलं असेल तर क्रेडिट ठेवायला हरकत नाही.

संघ प्लेऑफमध्ये पोहोचलाच नाही तर?

सगळे पैसे परत, किंवा वरच्यासारखं क्रेडिट. एनबीएच्या प्ले-इन, म्हणजे प्लेऑफच्या शेवटच्या जागा ठरवणाऱ्या, सामन्यांनाही हेच लागू. तिथे सातव्या क्रमांकाचा संघ आठव्याशी घरी खेळतो आणि हरला तरच त्याला घरी दुसरा सामना मिळतो. त्या दुसऱ्या सामन्याचं तिकीट म्हणजे आपलाच संघ हरावा यावर लावलेले पैसे. हंगामात संघ सहावा आला तर दोन्ही सामने रद्द.

न झालेल्या सामन्याचं जुनं कागदी तिकीट घरात सापडलंय. काही किंमत आहे का?

परतावा आता विसरा, पण संग्राहकांना विचारून पाहा. १९६४ मध्ये फिलाडेल्फिया फिलीज या बेसबॉल संघाची बारा सामने बाकी असताना साडेसहा सामन्यांची आघाडी होती. संघानं वर्ल्ड सिरीजची तिकिटं छापून घेतली आणि मग सलग दहा सामने हरला. ती तिकिटं आजही विकली जातात. संग्राहक त्यांना ‘फँटम’ म्हणजे भुताची तिकिटं म्हणतात. मोबाइलमधल्या तिकिटाला ही सोय नाही.

सामना तटस्थ मैदानावर ठेवला होता आणि तो झालाच नाही. अशा वेळी?

याचं ठळक उदाहरण एनएफएलचं. २ जानेवारी २०२३ रोजी बफेलो बिल्स आणि सिनसिनाटी बेंगल्स यांचा सामना बिल्सचा खेळाडू डामार हॅमलिन मैदानावर कोसळल्यामुळे थांबला आणि पुढे रद्द झाला. त्यामुळे संघांचे सामने असमान झाले. लीगनं ठरवलं की बिल्स आणि कॅन्सस सिटी चीफ्स एएफसी या लीगमधल्या दोन गटांपैकी एकाच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आले तर तो अटलांटात खेळवायचा. दोन्ही संघांच्या सीझन तिकीटधारकांसाठी विक्री उघडली आणि पहिल्या चोवीस तासांत पन्नास हजारांहून जास्त तिकिटं गेली. पण त्याआधीच्या फेरीत बिल्सनी बेंगल्सना हरवणं बाकी होतं. २२ जानेवारीला बेंगल्स जिंकले, आणि त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो मैदानावरच म्हणाला की आता ते रिफंड पाठवून द्या.

तिकिटांचे पैसे परत मिळाले. अटलांटातल्या हॉटेलचे ज्यानं भरले त्याचा प्रश्न वेगळा.

पावसानं किंवा दुसऱ्या कारणानं सामना पुढे ढकलला तर परतावा मागता येतो?

सहसा नाही. ‘रद्द’ आणि ‘पुढे ढकलला’ या दोन शब्दांत तुमचे पैसे अडकलेले असतात. पुढे ढकललेल्या सामन्याचं तिकीट नव्या तारखेला चालतं; त्या तारखेला तुम्हाला जमत नसेल तर विकून टाका.

१९८९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये दोन्ही प्रकार एकाच मालिकेत दिसतात. १७ ऑक्टोबरला सॅन फ्रान्सिस्कोत तिसरा सामना सुरू होण्याच्या थोडं आधी लोमा प्रिएटा भूकंप झाला. सामना दहा दिवसांनी, २७ ऑक्टोबरला, त्याच कँडलस्टिक पार्कवर झाला. म्हणजे तो पुढे ढकललेला. ओकलंडनं मालिका चार-शून्य जिंकली, त्यामुळे त्याच मैदानावरचा पाचवा सामना झालाच नाही. म्हणजे तो अनावश्यक ठरून रद्द.

तिसरा प्रकार अर्धवट थांबलेल्या सामन्याचा. २००८ मध्ये फिलाडेल्फियात वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना सहाव्या डावात पावसानं थांबला आणि दोन दिवसांनी तिथूनच पुढे सुरू झाला. असा सामना ‘झाला’ असंच धरतात, परतावा नाही. तिकीट फेकू नका, त्याच तिकिटावर पुन्हा आत जायचं असतं. तो सामना जिंकून फिलाडेल्फियानं मालिका चार-एक अशी संपवली.

संप, टाळेबंदी, साथ यामुळे सगळेच प्लेऑफ बुडाले तर?

तेव्हा परतावा मिळतो, फक्त वेळ लागतो. १९९४ मध्ये बेसबॉलपटूंचा संप १२ ऑगस्टला सुरू झाला आणि १४ सप्टेंबरला उरलेला हंगाम आणि वर्ल्ड सिरीज रद्द झाल्याचं जाहीर झालं. एनएचएलनं मालक-खेळाडू वादात २००४-०५ चा अख्खा हंगाम १६ फेब्रुवारी २००५ रोजी रद्द केला. १९१९ मध्ये तर आइस हॉकीच्या स्टॅनली कपची अंतिम मालिका इन्फ्लुएन्झाच्या साथीत निकालाविना अर्धवट सोडावी लागली.

२०२० चा धडा जास्त उपयोगाचा. तिथे प्लेऑफ झाले, पण एनबीएचे ऑर्लँडोजवळ आणि एनएचएलचे टोरंटो-एडमंटनमध्ये, प्रेक्षकांविना. आणि त्याआधी अनेक आठवडे सामने ‘रद्द’ न म्हणता ‘स्थगित’ म्हणून टांगते राहिले. स्थगित आहे तोवर परतावा नाही, असा सरळ मामला. तुमचं राज्य कुठलं यावरही पुष्कळ अवलंबून असतं. प्रत्येकाचे नियम निराळे, तेव्हा आपल्या राज्याच्या ग्राहक विभागाच्या पानावर एकदा नजर टाका.

विमान आणि हॉटेल?

संघ, लीग, रिसेल साइट, यांपैकी कुणीही देत नाही. अटींमध्ये तसं स्वच्छ लिहिलेलं असतं.

हॉटेल रद्द करण्याची मुभा असलेल्या दरातच घ्या, थोडं महाग पडलं तरी. विमानाच्या बाबतीत अमेरिकी वाहतूक खात्याचा एक नियम कामाचा आहे: उड्डाणाला सात किंवा जास्त दिवस असताना थेट विमान कंपनीकडे बुकिंग केलं, तर चोवीस तासांत ते दंडाशिवाय रद्द करता येतं किंवा कंपनी तेवढा वेळ भाडं राखून ठेवते. सातव्या सामन्याला आठवडा बाकी असेल तर याचा फायदा होतो, एरवी दोन सामन्यांत एक-दोन दिवसांचंच अंतर असतं आणि नियमाचा उपयोग उरत नाही. तेव्हा ‘गरज पडल्यास’ सामन्यासाठी न बदलता येणारं स्वस्त भाडं घेणं म्हणजे जुगार. जमेल त्यानं खेळावा.

तिकीट घेताना विमा घेतला होता. तो चालेल ना?

बहुतेक नाही. खरेदीच्या शेवटच्या पानावर दिसणारा तो विमा तुम्ही आजारी पडलात, अपघात झाला, जाता आलं नाही, अशा कारणांसाठी असतो. सामना न होणं हे त्यात सहसा येत नाही. विम्याचा हप्ताही परत येईलच असं नाही.

पार्किंगचा पास वेगळा घेतला होता.

तो त्या सामन्याशी जोडलेला असेल तर तिकिटासारखाच परत. मैदानाबाहेरच्या खासगी वाहनतळाचा असेल तर त्या वाहनतळाचे नियम, आणि तिथे स्वतः फोन करावा लागतो.

कॅनडातल्या संघाचं तिकीट अमेरिकी कार्डावरून घेतलं. परत आलेली रक्कम कमी का?

परतावा कॅनेडियन डॉलरमध्ये तेवढाच आलेला असतो, पण तुमचं कार्ड तो परताव्याच्या दिवशीच्या विनिमय दरानं बदलतं. दर हलला की दोन्ही बाजूंना फरक पडतो. परदेशी व्यवहाराचं शुल्क बँकेनं घेतलेलं असेल तर ते बँकेकडे मागा, संघाकडे नाही.

ज्या कार्डावरून घेतलं ते कार्डच बंद झालं.

कार्ड हरवून नंबर बदलला असेल पण खातं तेच असेल, तर बँक पैसे सहसा नव्या कार्डावर वळवते. खातंच बंद असेल तर रक्कम बँकेत अडकते किंवा विक्रेत्याकडे परत जाते. आधी बँकेला फोन करा, मग तिकीट कंपनीला. उलट क्रमानं केलंत तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतील.

सगळं झालं, मालिका कधीच संपली, पैसे मात्र आले नाहीत.

पहिल्यांदा विक्रेत्याला लेखी विचारा. फोनवर बोलणं झालं तरी नंतर ईमेल टाका: ऑर्डर क्रमांक, कुठला होम गेम, मालिका कुठल्या तारखेला कितव्या सामन्यात संपली, आणि रक्कम. सीझन तिकीटधारकांनी आधी स्वतःचं खातं उघडून क्रेडिटचा रकाना पाहावा. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

उत्तर आलं नाही तर क्रेडिट कार्ड कंपनीकडे दाद मागा. अमेरिकेच्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्यानुसार, तो खर्च ज्या स्टेटमेंटमध्ये पहिल्यांदा दिसला ते पाठवल्यापासून साठ दिवसांत लेखी तक्रार करायची असते. प्लेऑफच्या बाबतीत ही मुदत बोचते, कारण पैसे फेब्रुवारी-मार्चमध्ये कापलेले असतात आणि सामना रद्द होतो मे महिन्यात. अनेक कार्ड कंपन्या स्वतःच्या नियमांत सेवा मिळायच्या तारखेपासून मुदत मोजतात, म्हणून साठ दिवस उलटले असले तरी विचारायला कचरू नका. ‘सेवा मिळाली नाही’ हे कारण सांगा आणि मालिकेचा निकाल पुरावा म्हणून जोडा. डेबिट कार्डवर हे संरक्षण कमी आहे. त्यामुळे ‘गरज पडल्यास’वाली तिकिटं क्रेडिट कार्डावरच घ्यावीत.